गार झोफियाच्या आदल्या संध्याकाळी

२१ मे १९७४

लाडक्या लुत्सिनास,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. तू 'युगानुयुगे' म्हण आणि मगच पुढे वाच, आपली आई वरून बघते आहे. आम्ही दोघी बऱ्या आहोत. गाय बरी आहे. सासूबाईंचे गुडघे होते तसेच.

तू कामावरून रजा काढून स्टेशनवर उभी राहिलीस, तीन गाड्या बघितल्यास आणि मग शिव्या घालत घरी गेलीस. बरं केलंस. मीही घातल्या असत्या. आता माझं ऐक. बाग मेली, म्हणून मी आले नाही.

मी सगळं नीट ठरवलं होतं. तुमच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात सोळाला हजर व्हायचं, म्हणजे त्याआधी म्हातारीची हिवाळ्यापर्यंतची सोय लावून निघायचं. माझा स्ताख वारला त्याला पाच वर्षं झाली, माझ्या पोटी काही नाही, आणि तिचा दुसरा मुलगा समुद्राकडे. तो नाताळला कार्ड पाठवतो, तेही बायकोच्या अक्षरात. म्हातारीला वाकून खणता येत नाही, पण पाणी घालेल आणि तोडून खाईल. म्हणून मी टोमॅटो, काकडी, घेवडा, सगळं अकरा तारखेलाच लावून टाकलं. हो, अकरा. मला माहीत आहे तू काय म्हणशील. आधी बारा, तेरा, चौदाला थंडी घेऊन येणारे ते तीन गार माळी संत जायला हवेत, मग पंधराला संत झोफिया, आपली गार झोफिया, जायला हवी, तोवर शहाणी बाई रोप खिडकीतून खाली उतरवत नाही. शेजारची गुंकोवा कुंपणावरून ओरडलीच, "ब्रोन्या, अकराला टोमॅटो? मग बर्फच पेर की, तो तरी जगेल!" मी म्हटलं, तू तुझं बघ.

आमची बाग ओढ्याकाठच्या खड्ड्यात. गारठा पाण्यासारखा उताराने खाली येतो आणि आमच्याकडे सरकारी पाहुण्यासारखा बसून राहतो. हे मला माहीत नाही का? बावीस वर्षं इथे माती उकरते आहे. म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येक रोपावर झाकण. बादल्या, फुटकी पातेली, घेवड्यावर पोती, काकडीवर स्ताखचा जुना कोट. बारा, तेरा, दोन्ही दिवस निभावलं. चौदाला संध्याकाळी आभाळ काचेसारखं, वारा नाही. सकाळी बघते तर सगळं काळं. उकडल्यासारखं. पानाला हात लावला की चिकटत होतं.

पंधराला सासूबाईंचा नामदिन, त्याही झोफियाच. केक आदल्या दिवशीच भाजला होता. गुंकोवा आली, तीन तुकडे खाल्ले आणि जाताना म्हणाली, "सांगितलं होतं." सासूबाई ताटल्या गोळा करत राहिल्या.

तर आता पुन्हा पेरलं. खड्ड्यात सप्टेंबरच्या विसाच्या सुमारास दव गोठतं, तिथून मागे मोजलं. काकडी आजची पेरलेली जुलैच्या शेवटी लागेल. घेवडा कसाबसा होईल. टोमॅटोची रोपं गुंकोवाने दिली, फुकट नाही, टोमणे ऐकून घ्यावे लागले. ती उशिराची, फळं हिरवीच उतरवून कागदात गुंडाळावी लागतील. म्हणजे मी शरदापर्यंत हलत नाही. थंडीने झाकणं मानली नाहीत, त्याला मी काय करू? स्वयंपाकघराच्या मुख्य बाईंना विचार, जागा ठेवतील का.

तुझी
ब्रोन्या


१३ ऑक्टोबर १९७४

लुत्सिना,

स्तुती असो वगैरे. आम्ही बऱ्या आहोत.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. एक नोव्हेंबरपासून पुन्हा जागा आहे, पलंग खिडकीजवळचा आहे, आणि "आता तर बागेत काही उरलं नसेल ना?" असं तू विचारलंस. नाही उरलं. अठ्ठावीस सप्टेंबरपासून गारठा पडायला लागला. कोबी तेवढा उभा आहे, त्याला उलट गोडी येते.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला गोल गोल लिहिता येत नाही. मे महिन्यात मात्र लिहिलं होतं.

थंडीने झाकणं मानली नाहीत, हे खोटं. झाकणं नव्हतीच. चौदाला संध्याकाळी मी ती घालून घरात आले आणि खिडकीशी बटाटे सोलायला बसले. उजेड होता अजून. सासूबाई बाहेर गेल्या. म्हटलं, कोंबड्या बघायला गेल्या असतील. तर बाई बागेत शिरल्या आणि एकेक बादली उचलायला लागल्या. लुत्सिना, ज्या बाईला दोन वर्षं मी मोजे घालते आहे, ती वाकत होती. एक बादली उचलायची, कंबरेला हात लावून उभं राहायचं, मग पुढची. पोती झटकून घड्या घातल्या. स्ताखचा कोट तेवढा थोडा वेळ हातात धरून ठेवला. मग तोही घडी करून पोत्यांवर ठेवला.

अर्धा तास लागला तिला. अर्धा तास मी बघत होते. दार माझ्यापासून चार पावलांवर. मनात म्हणत होते, ऊठ ब्रोन्या, जा, ओरड तिच्यावर. ट्रंक भरलेली होती. तिकीट त्या मारियामातेच्या तसबिरीमागे खोचलेलं होतं.

मी बटाटे सोलत राहिले. चौघांना पुरतील एवढे सोलले.

ती आत आली, हात धुतले, म्हणाली, "गार आहे गं बाहेर." मी म्हटलं, "गारठा पडेल आज." बस्स. आणि त्या रात्री मला झोप लागली, छान लागली, हे मी फादरना पापकबुलीतही सांगितलेलं नाही. मला हायसं वाटलं होतं. तुमची ट्राम, ती मोठी भांडी, वीस अनोळखी बायका, आणि "खेड्यातली आली" म्हणून हसणारं कुणीतरी. शेहेचाळिसाव्या वर्षी. तिला वाटतं तिने मला अडवलं. बिचारी अजून कबुलीला जाते तेव्हा आत खूप वेळ बसते.

आम्ही त्यावर कधी बोललो नाही. अठ्ठावीस सप्टेंबरला दुपारीच आभाळ निवळलं, तर ती स्वतः बादल्या घेऊन आली. "झाक गं पोरी, आज गोठणार." ती हातात देत गेली, मी पालथ्या घालत गेले. कोणतं पातेलं कोणत्या रोपावर, तिला सगळं पाठ होतं.

काल तिने टेबलावर लसूण फोडायला घेतला. मोठ्या पाकळ्या पेरायला, बारक्या सूपमध्ये घालायला. लसूण आत्ताच लावायचा असतो, बर्फाखाली झोपतो आणि जुलैत निघतो. मी म्हटलं, "आई, एवढा कोण खाणार?" तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "दोघींना लागेल तेवढाच आहे. जास्त वाटत असेल तर सांग." आणि हात थांबवून बसली. खरंच थांबली होती ती. मी जास्त आहे म्हटलं असतं तर तिने त्या पाकळ्या सूपच्या भांड्यात टाकल्या असत्या, एक शब्द बोलली नसती. हे मला तिच्या हातांवरून कळलं.

आज सकाळी चार ओळी लावल्या. गुडघे ओले झाले, अजून शेकते आहे.

पलंग दुसऱ्या कुणाला दे. पुन्हा जागा निघाली तर मला कळवू नकोस. रागव, पण म्हातारीवर रागवू नकोस, तिला दुसरं कोण आहे? मला तू होतीस.

तू लहानपणी बैलाला घाबरून माझ्या मागे लपायचीस ना. मीही घाबरायचे. पळायचं कुठे ते माहीत नव्हतं, म्हणून उभी राहायचे.

तुझी मोठी बहीण
ब्रोन्या