ताईच्या हातचं चूर्ण

जठारपेठ, अकोला

ती. शेवंताताईस,
बंडूचा पायांवर माथा.

मी बरा आहे, रोज दुकानात जातो. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितो.

रक्ततपासणीत माझ्या लिव्हरचे आकडे तिप्पट आले. डॉक्टरांनी आधी विचारलं, “दारू घेता का, काका?”

“गळ्यातली माळ दिसून नाही राहिली का तुमाले?”

“माळवालेबी येतात माझ्याकडं.”

मग कावीळ, दुखण्याच्या गोळ्या, लिव्हरवरची चरबी, सगळं विचारून झालं. शेवटी तुझ्या गुळवेलीच्या चूर्णाचं निघालं. काहींना ते सोसत नाही म्हणे. खात्री नाही, महिनाभर बंद ठेवून पुन्हा रक्त तपासायचं आहे.

तू वेल वाळवून, कुटून, प्रेमानं पाठवतेस. तुझ्या हातचं मला बाधेल हे मन मानत नाही. पण जपाला बसलो की मणी पुढे सरकत नाही. मी रोज एक चमचा घेत होतो, तू गुडघ्यांसाठी तीन घेतेस. तुझी सून आरती म्हणाली, तुला जेवण जात नाही, डोळेही पिवळसर दिसतात. खरं का?

ताई, चूर्ण आजच थांबव आणि उद्याच आरतीला घेऊन अंजनगावच्या दवाखान्यात जा. तुझा रिपोर्ट चांगला आला, तर मला भेकड म्हण. मी हसत ऐकून घेईन.

तुझ्या आशीर्वादावर जगणारा,
बंडू