सोनाबाईला दिलेला हुंकार

उटनूर, ४ नोव्हेंबर २०२४
आले एकदाची! दोन बॅगा, दिवाळीच्या उरलेल्या चकल्या आणि सहा वर्षांची स्वरा. गंधारची नोकरी हैदराबादला, त्यामुळे बिऱ्हाड मायलेकींचंच. शेजारच्या राज्यातल्या जाळपोळीतून जीव घेऊन पळालेली चाळीस कुटुंबं इथे राहतात. त्यांचं ऐकून घ्यायचं, मन हलकं करायचं, हे माझं काम. आदिलाबादला आई म्हणाली, यासाठी पगार देतात? खोली झकास आहे, मागे मोहाचं झाड. दुभाषी सोजरबाई भीमपूरकडच्या. त्यांना या लोकांची बोली येते, गप्प बसणं तेवढं येत नाही.

८ नोव्हेंबर
हे लोक मेलेल्याची हकीकत झाडाकडे तोंड करून सांगतात. बाकीचे मागे बसतात, चकार शब्द काढत नाहीत. मला ते फार एकाकी वाटलं. आम्हाला तर पहिलं हेच शिकवतात, की आपण ऐकतोय हे समोरच्याला कळलं पाहिजे. म्हणून आज सोनाबाईला खोलीत बसवलं. तिचा नवरा आणि दोन मुलगे घरासकट जळाले. ती दोन तास बोलली आणि मी वाक्यावाक्याला हुंकार दिला. सोजरबाईंनी डोळे वटारले, "मॅडम, तुमी हं काऊन म्हनून राह्यल्या?" मी हसण्यावारी नेलं.

१३ नोव्हेंबर
सोनाबाईला गाढ झोप लागते आता. आज माझ्यासाठी भाकरी घेऊन आली. तिचं पाहून रोज सहा-सात जण येतात. संध्याकाळी पोळ्या लाटायचंही त्राण उरत नाही. आज भरदुपारी मोहाकडून पुरुषाचा आवाज आला. बोली त्यांची, तरी मला सगळं कळत होतं. आपण मुलांसकट आत असताना त्या लोकांनी दार बाहेरून कसं लावलं, ते तो सांगत होता. झाडाखाली कुणीच नव्हतं. सवयीनं मी हं म्हणाले.

१७ नोव्हेंबर
सोजरबाईंना सांगितलं, तर त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, हकीकत निघाली की मेलेलाही आपलं सांगू लागतो. झाड हुंकार देत नाही, म्हणून तो सांगून सांगून दमतो आणि जातो. माणसानं हुंकार दिला की त्यालाच सांगत बसतो. त्या माणसाचा हुंकार थांबला, तर त्याचं लेकरू धरतो.
मला भीती वाटतेय. गंधारला बोलावून घेतलं.

१८ नोव्हेंबर
गंधार स्वराला हैदराबादला घेऊन गेला. मी विचित्र वागते म्हणाला. खरंय. तो बोलत होता आणि मी भिंतीला हं म्हणत होते.

२० नोव्हेंबर
आता तिघं बोलतात. हं — एकामागून एक — घसा बसलाय — हं — कामावर गेले नाही. जगाचं ऐकणारी मी, माझं ऐकायला — हं —

२१ नोव्हेंबर
डुलकी लागली. दहा मिनिटं? तास? जागी झाले तर सगळं शांत. एकही आवाज नाही. आधी बरंच वाटलं — लाज वाटते लिहायला — खूप बरं वाटलं.
मग गंधारचा फोन. स्वरा जेवत नाही, खिडकीशी बसलीय. कुणाशी बोलत नाही, नुसतं हं, हं —
तिला फोन द्यायला सांगितलं. मी इथे ओरडतेय, मला सांगा, मी जागी आहे, हं, हं — मोहाखाली कुणी नाही —
ती फोनवर म्हणाली, आई, थांब ना, आता धाकटा सांगतोय, त्याला —