एक इंचही सोडू नका

ती. ताईस,

धाकट्या भावाचा बसल्या बसल्याच नमस्कार (वाकलो असतो, पण गुडघा सुजलाय, कारण पुढे येतंच आहे). चक्कर थांबली का? नीट जेवतेस ना? शिलाई विभागात उकाड्याने कोसळलीस आणि राजीनामा देऊन घरी बसलीस, तेव्हाच मी ठरवलं की त्या तापणाऱ्या पत्र्याला आता सोडायचं नाही.

व्यवस्थापकांसमोर सभा घेतली. सूर्याला घरात घेऊन वर त्याला पंख्याने वारा घालायचा, हा कुठला न्याय, असा सवाल केला! पत्रा पांढरा रंगवा, ऊन आल्या पावली परत जाईल. छतात दुधी काचा बसवा, दिवसा दिवे लागणार नाहीत. दोन्हीकडून वीज वाचेल. आश्चर्य म्हणजे त्यांनी मान्य केलं. काचा बसल्या. रंगारी शिडी चढू लागले तेव्हा मला राहवेना. खालून गरजलो, "गड्यांनो, एक इंचही सोडू नका!"

त्यांनी सोडला नाही. काचांसकट सगळं रंगवलं.

आत छान गारवा, पण भरदुपारी सुईत दोरा ओवायलाही दिवे लावायची पाळी. पंख्यांची वाचलेली वीज दिव्यांनी गिळली. कटिंगवाली मावशी म्हणाली, "काय पुढारी, एवढ्या भाषणात 'काचा सोडून' हे दोन शब्द मावले नाहीत होय?" रंगारी तर अभिमानाने सांगत होता, "साहेब, कडासुद्धा सोडल्या नाहीत!"

सुट्टीच्या दिवशी खरवडणी घेऊन मीच वर चढलो (सुट्टीत बिनपगारी राबू नका, हे माझं गाजलेलं भाषण, कुणाला बोलू नकोस). गुडघे टेकून पहिली काच मोकळी केली आणि खाली डोकावलो. उजेड नेमका तुझ्या मशीनवर पडला होता. कुणीतरी तिच्यावर कापड घालून ठेवलंय. थोडा वेळ खरवडायचं राहूनच गेलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या काचा मोकळ्या झाल्या, गुडघा मात्र सुजला. आता दिवसा एकही दिवा लागत नाही. दुपारी कुणी घाम पुसत बसत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : व्यवस्थापकांनी तुझा राजीनामा अजून पुढे पाठवलेला नाही. सोमवारी ये. नुसतं बसून बघ. उकडलं तर मीच घरी सोडेन.

आणखी ता. क. : कामगारहित वगैरे सगळं खरंच आहे. पण तू गेल्यापासून, माझं भाषण लांबलं की मागून खोकणारं कुणी उरलं नाही. परवा माणसं उभ्या उभ्या झोपली. ये गं.