हिरवट कडेचा व्हॉल्व्ह

मंगळवार, अंधेरी. संध्याकाळ.

सुमा गेल्यानंतर आज पहिल्यांदा जुहूच्या हँगरवर, विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये, कामाला गेलो. शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या विमानाचं इंजिन खोललेलं होतं. जळका वायू बाहेर सोडणारे चारही व्हॉल्व्ह न घासता टेबलावर मांडले. घासले की रंग जातो, आणि रंगावरूनच तर सगळं कळतं. तिन्हींवर सारखी गोल वलयं. चौथ्याची एक कड हिरवट. म्हणजे तो तिथे नीट बसत नव्हता, जळायला लागला होता.

की मलाच तसं दिसलं? हल्ली मला धड काही दिसत नाही. परवा चहात मीठ घातलं; लग्नापासून चहा सुमाच करायची. इथे चुकलो तर वर हवेत एखादं शिकाऊ पोर एकटं असेल.

शेजारच्या टेबलावरच्या परबला बोलावलं. कुठला ते सांगितलं नाही.

"यातला खराब उचल."

"माझी परीक्षा घेतोस काय रे?"

"माझी."

भिंगातून बराच वेळ पाहून त्याने तोच उचलला. "वाट लागली असती यार! तपासणीत सिलिंडरचा दाब तर बरोबर आला होता ना?"

आला होता. इंजिनाचा आवाजही छान होता. एवढासा तुकडा, त्या आगीत उघडत-मिटत राहिला आणि दुखणं त्याने फक्त त्या हिरवट कडेवर दाखवलं. केवढं हे! अजून अंगावर काटा येतोय.

परबने त्याला बाद झाल्याची लाल चिठ्ठी बांधली. "उद्या येतोस ना?"

"येतो."

घरी आल्यावर सुमाच्या फोटोसमोर बसलो. आज नजर वळवली नाही.