वेस हार्लिंगरची बायको

प्रिय एलोदिया, माझ्या लेकी,

तू पाठवलेली लोकर पोचली. रंग छान आहे, पण विणायला बसले की हात मधेच थांबतात. ओरुरोत वारा सुटलाय. बाजारात मक्याच्या गरमगरम आपीचं पातेलं सारखं झाकावं लागतं, नाहीतर गिऱ्हाइकाला धूळच पाजायची. गुडघा तसाच आहे.

बाबांच्या काउबॉय कादंबऱ्या पुन्हा निघणार, हे लिसांद्रोनं तुला फोनवर सांगितलंच असेल. ला पासचा हा तरुण प्रकाशक मनानं वाईट नाही. त्याचे वडील खाणीत होते, आणि बापलेकांनी मिळून त्या सगळ्या कादंबऱ्या वाचल्यात. माझ्या गाड्यासमोर उकिडवा बसून आपी पीत तो मला सांगत राहिला, वेस हार्लिंगर किती मोठा लेखक होता ते. अमेरिकेतल्या ग्रंथालयांत त्यानं चौकशी केली, मूळ इंग्रजी पुस्तक एकही सापडलं नाही. मी म्हटलं, "बाळा, कसं सापडेल? वेस हार्लिंगर म्हणजे माझा नवरा." तो हसला. म्हणाला, "डोन्या तेओदोसिया, अनुवादकाच्या बायकोला असं वाटणारच."

तुला ठाऊक आहे ते. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावरून आले की जेवणाचं टेबल पुसून लिहायला बसत. छापखान्याचा मालक म्हणाला होता, बोलिव्हियातल्या ओरुरोच्या कुणा चोकेनं लिहिलेला काउबॉय कोण विकत घेईल? म्हणून वर गोऱ्याचं नाव आणि आत बारीक अक्षरात 'अनुवाद : सेव्हेरो चोके'. बाबांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट ते पान सगळ्यांना दाखवत फिरले. धक्क्यावरचे लोक त्यांना 'मिस्टर' म्हणू लागले. एकदा एक परदेशी इंजिनियर आला, दुभाषी म्हणून साहेबानं ह्यांनाच बोलावलं. इंग्रजीचा एक शब्द येईल तर ना! हे दाढ दुखते म्हणून गालाला फडकं बांधून दोन दिवस घरी बसले, आणि आपण दोघी हसून हसून दमलो.

आता हसू येत नाही. लिसांद्रो खात्री करायला धक्क्यावर गेला. बाबांचे मित्र अनिसेतोकाका त्याला म्हणाले, "सेव्हेरो? इंग्रजी तर फाडफाड बोलायचा." त्या म्हाताऱ्याला वाटलं, आपण मित्राची शान राखली. हस्तलिखितं चुलीत गेली, छापखान्याचा मालक कधीच वारला. उरले मी, आणि माझं कोण ऐकतं? मी तर त्यांच्याच पानांवर बोट फिरवत वाचायला शिकलेली बाई.

तरी मी मनाची समजूत घातली. नाव बारीक अक्षरात का होईना, पुस्तकं पुन्हा टपरीवर दोरीला चिमट्यांनी लटकतील, खाणीतून सुटलेले लोक गुडघ्यावर पुस्तक ठेवून वाचतील. लिसांद्रोनं कागद पुढे केला : सेव्हेरो चोके हे अनुवादक होते आणि त्यांच्या मजकुरात बदल करायला वारसांची हरकत नाही. मी सही केली.

मग त्यानं कौतुकानं नव्या छपाईची पानं दिली. मी घरी येऊन दाराशी उजेडात वाचायला बसले. पहिल्याच प्रकरणात डार्बी दारूच्या गुत्त्यात शिरतो, पेला उचलतो आणि पितो. नुसता पितो. मला वाटलं, माझंच बोट एखादी ओळ चुकलं. पुन्हा वाचलं. दुसऱ्या पुस्तकाची नवी पानं काढली. त्यातही शेरीफ पितो, चोर पितो, म्हातारा गुराखी मरताना पितो, आणि जमिनीला कोणीच काही देत नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानातून लिसांद्रोला फोन केला. तो खूश होता. म्हणाला, "तुम्ही वाचलंत? पहिला घोट जमिनीवर सांडायचं ते सगळं काढलं. टेक्सासात कोण असं करतं, डोन्या? अनुवादकानं घुसडलेलं होतं. काळजी करू नका, आम्ही कुठेही त्यांना दोष दिलेला नाही."

एलोदिया, बाबांनी ते घुसडलं नव्हतं. धरित्रीआईला न देता पिणारी माणसं जगात असतील, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मी एकदा विचारलं होतं, तिकडचे गोरे करतात का हो असं? लिहिता लिहिता म्हणाले, "देव वेगळा असेल त्यांचा. जमीन तर खालीच असते ना?" तेवढ्या एका चुकीत ते पुरेपूर होते. तीच शोधून शोधून पुसली. आता त्या पानांत घोडे आहेत, बंदुका आहेत, पण माझा माणूस मला कुठे सापडत नाही. त्यांना पुरलं तेव्हासुद्धा घर इतकं रिकामं वाटलं नव्हतं.

त्या कागदावर तुझी सही बाकी आहे. लिसांद्रो शुक्रवारी कोचाबांबाला तुझ्याकडे येईल. गोड बोलेल, आणि नवी मुखपृष्ठं पाहून तुझेही डोळे भरतील. तू सही केली नाहीस तर बाबांचं एकही पुस्तक पुन्हा निघणार नाही. माझ्याजवळच्या प्रती कसरीनं खाल्ल्यात, माझ्यामागे त्याही राहणार नाहीत. हे सगळं कळून लिहिते आहे. माझी सही मला परत घेता येत नाही, म्हणून तुझ्यापुढे पदर पसरते. त्याला घरात घे, जेवू घाल, लांबून आलेलं पोर आहे. पण सही करू नकोस.

तुझीच,
आई