तीस वाव खालचं पाणी

कोलशेत, ठाणे
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय ऋतू,

अनेक आशीर्वाद. घरी सगळं ठीक. बाबांचा गुडघा बराच बरा आहे, काल खाडीपर्यंत चालून आले. तुझ्या वहिनीने सुक्या बोंबलाची चटणी केली आहे, ती याच पार्सलात आहे. तुमच्या गोव्यालाही बोंबील मिळतात, हे तिला सांगून उपयोग नाही.

दादाला पत्र लिहायचं कुठून सुचलं, म्हणशील. काल फोनवर तू म्हणालीस, "दादा, माझंच चुकलं रे. तुझ्या आकड्यांप्रमाणे खालचं पाणी थंड आहे. गुरुवारी संस्थेच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकते." मी नुसतं "बरं" म्हटलं. तुझा आवाज ऐकला की पुढचं तोंडातून निघत नाही.

गणपतीत तू अंगणात बादली मांडलीस. खाली गार पाणी, वर हलक्या हाताने गिझरचं. बाबांना ढवळायला लावलंस आणि वरची सगळी ऊब गेली. मग म्हणालीस, वादळसुद्धा समुद्राला असंच ढवळतं. खालून थंड पाणी वर आलं की त्याचा जोर मोडतो. पण गरम पाणी खोलवर असलं तर कितीही ढवळलं तरी गरमच वर येतं आणि वादळ फुगत जातं. यंदा आपल्याकडे तसंच असेल, असा तुझा अंदाज होता.

त्या दिवसापासून बाबा कोळीवाड्यात दारोदार बादली मांडत सुटले. जगनकाकांकडे तर दोनदा. खाडीत मासळी उरली नाही म्हणून मी एकोणीस वर्षं उत्तनच्या बोटीवर खोल पाण्यात जातोय. बाबांनी एकदाही विचारलं नाही, प्रफुल्ल, समुद्र कसा आहे? आता मी निघालो की म्हणतात, "थांब, पोरीला फोन लाव आधी." पोरीला! तू बोटीवर पाय ठेवलास की उलट्या करतेस.

राग आला ग. खूप आला.

खोल पाणी मोजायला तू दिलेला थर्मामीटर मी तीस वाव दोर सोडूनच उतरवला. हात पसरून एक-एक वाव मोजला, बाबांनी शिकवला तसा. त्यात लबाडी नाही. बोटीवर खोटं बोलायचं नाही हा आपल्या घरचा नेम, तो मी तिथे पाळला. पेन्सिलने वहीत लिहिलं ते खरं लिहिलं. नऊ वेळा उतरवला, नऊही वेळा अठ्ठावीसच्या वर. दोनदा एकोणतीस.

लबाडी घरी येऊन केली. तुला पाठवायच्या कागदावर चोवीस, पंचवीस असं लिहीत गेलो. तुझं एकदा तरी चुकावं, एवढंच डोक्यात होतं. बाबांनी एकदा तरी म्हणावं, शिकलेल्यांना काय कळतंय, आपल्या प्रफुल्लला विचारा. काल तू रडवेली झालीस तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. मग जेवण गेलं नाही.

ऋतू, तुझं चुकलेलं नाही. गुरुवारी तसं बोलू नकोस. मूळ वही पाठवतोय, कुरियरवाला म्हणतो मंगळवारी पोचेल. आकडे भावाने बदलले होते, असं माझं नाव घेऊन सांग. तुझी तिथे शोभा होईल, त्याची माफी कशी मागू ते कळत नाही.

आज सकाळी बाबांना सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी ठेवूनच बसलो होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "खरा किती व्हता?"

मी म्हटलं, "अठ्ठावीसच्या वर. दोनदा तर एकोणतीस."

तर म्हातारा हसला ग. तोंडभर हसला. "मंग पोरीचा बरोबर व्हता की रं!" म्हणाले आणि काठी घेऊन जगनकाकांकडे सांगायला निघाले. माझ्यावर चिडायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

तेव्हाही माझ्या पोटात दुखलं. अजून दुखतंय. मन फिरायच्या आत पार्सल टाकून येतो.

तुझा दादा,
प्रफुल्ल