घरातून मला काढून पाहण्याचा प्रयोग

३ फेब्रुवारी, मंगळवार

चूक दुरुस्ती. परवाच्या नोंदीत मी लिहिलं, की आमच्या घरातले सगळे सजीव माझ्यावर अवलंबून आहेत. हे विधान सरसकट झालं. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटमागची पाल माझ्यावर अवलंबून नाही. ती दिव्याकडे येणाऱ्या किड्यांवर आणि आईच्या आळसावर अवलंबून आहे. बाकीची यादी कायम : आई, बाबा, आत्या, धाकटा भाऊ. नोंद अचूक हवी. खोटंच बोलायचं तर रोजनिशी कशाला, नातेवाईक आहेत की.

आज शेवाळ मॅडमनी बोलावलं. (आमच्या विभागप्रमुख. आयुष्यभर शेवाळावर संशोधन. नाव विद्यार्थ्यांनी ठेवलंय, मी फक्त मनात वापरते.) लांबच्या सरोवरावरच्या संशोधन केंद्रात दोन वर्षांची जागा निघाली आहे. पहिलं नाव माझं. शुक्रवार, वीस तारखेपर्यंत हो की नाही ते सांग, म्हणाल्या.

त्या केंद्राचा फोटो मी शाळेत असल्यापासून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. मला दुसरं काहीही नको आहे. त्यामुळे मी लगेच सांगितलं, की विचार करून सांगते.

घर सोडून कशी जाणार? मी गेले की ते कोसळणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहिल्या वर्षाला 'कळीची प्रजाती' शिकवली. संख्येने थोडी, पण तिला काढलं की सगळा डोलारा खाली येतो. समुद्रकाठच्या खडकांवरून तारामासे उचलले, तर शिंपले सगळी जागा बळकावतात आणि इतरांना हुसकून लावतात. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, की मॅडम, आपण कळीचे आहोत हे तारामाशाला माहीत असतं का? मी सांगितलं, नाही. तो निमूटपणे काम करतो.

मीही करते. रोज गॅसचा नॉब, दाराची कडी, गीझर तपासते. मग पुन्हा तपासते. बाबांनी बीपीची गोळी घेतली का ते विचारते आणि ते झोपले की उठवून खात्री करून घेते. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी लावते. कोणी आभार मानत नाही. तारामाशाचे तरी कोण मानतं?

लहानपणी मला दमा होता, म्हणून पाचवीपर्यंत घरीच शिकले. गणित बाबा, भाषा आणि विज्ञान आत्या. मधल्या सुट्टीत खेळायलाही आत्याच. विज्ञानाचा वर्ग बाल्कनीत भरायचा. गुलाबावर मावा पडला, की आत्या दाखवायची : मुंग्या माव्याची राखण करतात, मावा मुंग्यांना गोड रस देतो. दोघांचं छान चालतं. गुलाबाला कोणी विचारत नाही, असंही ती म्हणायची. हे का म्हणायची कोण जाणे. परीक्षेला नव्हतं.

बाबांनी घालून दिलेला एक नियम मी आजही पाळते. लिहिलेलं पत्र एक रात्र तसंच ठेवायचं, सकाळी वाचून मगच पाठवायचं. मी ईमेलसुद्धा मुरवते.

८ फेब्रुवारी, रविवार

मार्ग सापडला. प्रजाती कळीची आहे की नाही हे ठरवायला शास्त्रज्ञ काय करतात? तिला तिथून काढून पाहतात. मी स्वतःला चार दिवस घरातून काढणार. घर कोसळलं, की मॅडमना पुराव्यानिशी नकार देता येईल.

जेवताना जाहीर केलं. बाबांनी विचारलं, की चारच दिवस? (काळजी.) माझं वाक्य संपायच्या आत आईने माळ्यावरून बॅग काढली. काही माणसांचं दुःख हातापायांत उतरतं. धाकट्याने विचारलं, ताईचं टेबल रिकामं राहणार का. आत्या एवढंच म्हणाली, की जिच्याकडे जाणार आहेस तिला विचारलंयस ना बाई?

विचारलं. संध्याकाळी.

९ फेब्रुवारी, सोमवार

मुक्काम मैत्रिणीच्या खोलीवर. घरापासून दोन गल्ल्या. एक पलंग, एक खिडकी, एक खुर्ची. ही माझ्याच विभागात शिकवते. सरोवराच्या यादीत दुसरं नाव तिचं आहे, पण तिला रस नाही. म्हणते, तिथे डास असतील.

आल्या आल्या तिच्या फडताळातल्या बरण्या एक्सपायरी डेटप्रमाणे लावून दिल्या. ती साखर शोधत राहिली. भारावली असावी. मग झोपेपर्यंत तिला सरोवराबद्दल सांगितलं : सकाळचं धुकं, स्थलांतर करून येणारी बदकं, होडीतून घ्यायचे पाण्याचे नमुने. डासांचाही मुद्दा खोडून काढला. माझा त्याग केवढा मोठा आहे ते कोणाला तरी कळायला हवं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

निरीक्षकाने हस्तक्षेप करायचा नाही, हा प्रयोगाचा पहिला नियम. म्हणून घरी फक्त फोन केला. आई म्हणाली, सगळं ठीक आहे, ठेवते. पुढचे फोन कोणी उचलले नाहीत. मनात नाही नाही ते आलं. गॅस. गीझर. शेवटी धाकट्याचा मेसेज आला, की सगळे सिनेमाला आलोय, ताई, आवाज बंद ठेवायला लावलाय.

सिनेमा! कोसळायला सुरुवात झाली म्हणायची.

११ फेब्रुवारी, बुधवार

विभागाची दुर्बीण घेऊन घरासमोरच्या इमारतीच्या जिन्यात उभी राहिले. (रजिस्टरमध्ये 'पक्षीनिरीक्षण' लिहिलं. हे खोटं आहे. उद्या एक तरी चिमणी पाहून घेईन.)

निरीक्षणे. माझ्या खोलीत दिवा. माझ्या टेबलाशी धाकटा. अभ्यास करतोय! ही क्रिया मी त्याच्या नैसर्गिक अधिवासात आजवर पाहिलेली नाही. बाबा आरामखुर्चीत घोरतायत, कोणीही उठवत नाहीये. आई नुसती बसली आहे. नुसती.

वॉचमनने विचारलं, काय बघताय? म्हटलं, पक्षी. कुठला? म्हटलं, घरटं करून राहणारा. इतक्यात आत्या झारी घेऊन बाल्कनीत आली, सरळ माझ्याकडे बघितलं आणि झारी हलवून हात केला. मग तिचा फोन. जेवलीस का, म्हणाली. आणि जिन्यात वारा असतो, कानाला बांध काहीतरी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

घरून डबा आला. दोघींचा. प्रयोगाच्या शुद्धतेला बाध येतो, म्हणून मी आधी खाल्ला नाही. नंतर खाल्ला.

रात्री मैत्रिणीने विचारलं, की बाहेरून येते, तिला आवरायला कोणी नसतं, बघता बघता सगळी जागा व्यापते, अशा प्रजातीला काय म्हणतात गं? मी म्हटलं, आक्रमक प्रजाती. ती म्हणाली, हं. आणि ही गेली नाही, तर मूळ रहिवासी काय करतो? मी म्हटलं, दुसरा अधिवास शोधतो. ती पुन्हा हं म्हणाली. उजळणी करत असावी. बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

काल संध्याकाळी परत घरी आले. निष्कर्ष नोंदवते. घर कोसळलेलं नाही. बाबांचं बीपी उतरलं आहे. डॉक्टरांनी विचारलं, की काय बदललंत हो? बाबांनी सांगितलं, झोप लागते. धाकट्याला चाचणी परीक्षेत पहिल्यांदा चांगले मार्क आहेत. फ्रिजमधल्या चिठ्ठ्या गायब. कोणाला विषबाधा नाही.

वरवर पाहणारा म्हणेल, मी कळीची नाही. पण मी इतकी वर्षं घातलेली शिस्त इतकी मुरली आहे, की चार दिवस माझ्याशिवायही पुरली. पाचव्या दिवशी काय झालं असतं? प्रयोग तोकडा पडला.

संध्याकाळी आत्याने लिंबाची कुंडी आडवी करून रोप बाहेर काढलं. मुळं मातीभोवती गोल गोल फिरलेली, बाहेर कुठे जायला वाट नाही. बघ, म्हणाली, चूक माझी, हिला वेळेवर जमिनीत लावायला हवं होतं. माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मी म्हटलं, मोठी कुंडी आण. आत्याने कपाळाला मातीचा हात लावला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमना सांगितलं, की एका प्रयोगावरून निर्णय घेणं शास्त्राला धरून नाही. निदान तीन वेळा व्हायला हवा, वेगवेगळ्या ऋतूंत. जूनपर्यंत मुदत द्या. मॅडम म्हणाल्या, अगं, सरोवर थांबेल, जागा थांबायची नाही. शुक्रवार.

रात्री जेवताना हे घरी सांगितलं. मग बाबा म्हणाले, की आम्ही काही मरत नाही गं, निदान तुझ्या सोयीने तरी नाही. धाकटा हसला, पाणी त्याच्या नाकात गेलं. आई म्हणाली, बॅग अजून खालीच ठेवलीय हो मी.

यांचा धीर पाहून मला भरून आलं. किती लपवतात!

२० फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ

ठरलं. जाणार. हो म्हणणार. कपाटाचं दार उघडून फोटोला सांगितलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

ईमेल तयार. तीन ओळी. 'आनंदाने स्वीकारते' यातला 'आनंदाने' दुपारी काढला, कारण भीतीही वाटते आहे आणि अर्धसत्य नको. चार वाजता परत घातला. पाचला आत्याला दाखवला. ती म्हणाली, पाठव. आत्ताच्या आत्ता पाठव, माझ्यासमोर.

पण नियम म्हणजे नियम. एक रात्र. हजारो वर्षं जागेवर असलेल्या सरोवराला एका रात्रीने काय फरक पडतो? उद्या सकाळी नक्की.

२३ फेब्रुवारी, सोमवार

एका जागेवर, एकाच खाद्यावर, एकाच तऱ्हेने जगणाऱ्या दोन प्रजाती फार काळ एकत्र नांदत नाहीत. एक टिकते. धडा सातवा. मी दरवर्षी शिकवते.

मैत्रिणीने शुक्रवारी सकाळीच मॅडमना सांगून ठेवलं होतं : हिने मुदतीत हो म्हटलं नाही, तर मी जाते. माझा ईमेल शनिवारी सकाळी पोचला. मुरलेला, निर्दोष. मैत्रिणीने मिठी मारली. म्हणाली, तू त्या धुक्याचं इतकं सांगितलंस ना, की डासांचं काही वाटेना. आणि खरं सांगू, खोली सोडायला निमित्तही हवं होतं.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, अगं वेडे, तो नियम रागाने लिहिलेल्या पत्रांसाठी होता.

हे तेव्हा सांगायला हवं होतं. मी सात वर्षांची होते.

कपाटातला फोटो काढला नाही. दार मात्र आज उघडलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चूक दुरुस्ती. पाचव्या दिवशी काय झालं असतं, असं मी १४ तारखेला विचारलं होतं. काहीही झालं नसतं. नोंद अचूक हवी.

मैत्रिणीची खोली एक तारखेला रिकामी होते आहे. किल्ली तिने मला देऊ केली. मी घेतली. तेव्हाच, तिच्यासमोर, न मुरवता. दोन गल्ल्या म्हणजे अंतर नव्हे, असं धाकटा म्हणतो. त्याने टेबल आधीच भिंतीकडे सरकवलं आहे. आत्याने फक्त विचारलं, डबा एकीचाच ना? आणि लगेच म्हणाली, नको, डबा नको, उपाशी राहा.

नवा अधिवास पंधरा दिवस मोकळा ठेवणं शास्त्रीयदृष्ट्या बरं. मग जाणार. रविवार, १५ मार्च. सकाळी, चहाच्या आधी.